खिशातला काझी

मित्रांनो, अबू गालिबच्या कोटाचा उजवा खिसा कायम खाली ओढलेला असतो, तो माझ्यामुळे. मी एक जुना लोहचुंबक आहे. चहाच्या बशीपेक्षा लहान, काळा, मध्ये भोक पडलेला आणि एका कडेचा टवका उडालेला. स्वस्थ बसणं मला जमत नाही. किल्ली जवळ आली की ओढतो, चमचा आला की ओढतो. एकदा नमाजाला वाकताना शेजारच्या माणसाच्या किल्ल्यांचा जुडगा मी खिशातूनच धरून ठेवला होता. तो बिचारा उठताना अडखळला आणि अबू गालिबला पुढचे चार दिवस त्याची माफी मागत फिरावं लागलं.

माझा जन्म एका कर्ण्यात झाला. आमच्या झर्का गावात गॅसची गाडी गाणं वाजवत गल्लीगल्लीत फिरते. त्या गाडीच्या कर्ण्यात मी बसवलेला होतो. तेच एक गाणं दिवसातून दोनशे वेळा वाजायचं आणि प्रत्येक वेळी मी थरथरायचो. मग एके दिवशी ती गाडी भिंतीवर आदळली. तिचा पत्रा ठोकायला ती अबू गालिबच्या दुकानात आली, तेव्हा कर्णा पार चपटा झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, फेकून दे. अबू गालिबने मात्र मला त्यातून उचकटून काढलं आणि सहज म्हणून समोरच्या एका गाडीच्या दाराला लावलं. मी वर चिकटलो. खाली लावलं, तर गळून पडलो. त्याने तिथे नखाने खरवडलं, तर आत चेप बुजवायला भरलेली बोटभर जाडीची पुट्टी निघाली.

त्या दिवसापासून माझी नोकरी लागली. आमच्याकडे जुनी गाडी घेणं म्हणजे मुलीचं लग्न ठरवण्याइतका घोळ असतो. दूरदेशी आपटलेल्या गाड्या जहाजातून येतात, इथे दुरुस्त होतात आणि विकल्या जातात. म्हणून गाडीचा रंग कोणी विचारत नाही, ती कशावर आदळली होती ते विचारतात. तपासणीवाले सांगाड्याची चार टोकं पाहून कागद देतात. टोक शाबूत असलं तर 'चांगलं', मार बसला असला तर 'ठोसा'. चारही टोकं चांगली असली की गाडी 'चार चांगली'. नवऱ्या मुलाची चौकशी करतानाही बायका विचारतात, "मुलगा चार चांगला आहे ना गं? की कुठे ठोसा आहे?"

त्या कागदावरही लोकांचा पुरता भरवसा बसत नसे. मग ते अबू गालिबकडे येत. तो मला फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवी आणि लोक श्वास रोखून विचारत, "काझी काय म्हणतोय?" हो, माझं नावच काझी पडलं होतं. मी चिकटलो तर पत्रा खरा, नाही चिकटलो तर आत पुट्टी आणि मालक खोटारडा. दुकान बंद झालं, अबू गालिबचे गुडघे गेले, तरी माझी ही काझीगिरी चालूच राहिली. खरं सांगतो, मला त्याचा फार गर्व होता.

मैसून ही अबू गालिबच्या बहिणीची मुलगी. शिक्षिकेच्या नोकरीसाठी सरकारी यादीत नाव घालून तिने अकरा वर्षं वाट पाहिली. अखेर नेमणूक आली, ती वादी मुजीब नावाच्या खोल दरीपलीकडच्या एका गावात, सहावीला विज्ञान शिकवायला. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. त्या वेळेला तिकडे जाणारी बस नाही. म्हणून गाडी हवी. आणि गाडी एकटीची नव्हती. त्याच शाळेच्या आणखी तिघी शिक्षिका तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसून येणार होत्या. तिने तिघींना शब्द दिला होता.

तुम्ही मुजीबची दरी उतरला नसाल. रस्ता वळत वळत खाली जातो, जातच राहतो, आणि तळाशी पोचल्यावर तेवढाच पुन्हा वर चढतो. तिथे कच्च्या सांगाड्याची गाडी म्हणजे चार बायकांचा जीव. अबू गालिब हे जाणून होता. म्हणून तो बहिणीला म्हणाला, "तू काळजी करू नकोस. काझी बघेल."

गुरुवारी आम्ही पहिली गाडी पाहिली. ती नझ्मी मास्तरांची. पोस्टातून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे गृहस्थ. गाडी पांढरी, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. कागदावर तीन चांगली, एक ठोसा. मास्तरांनी आपणहून सांगितलं, "पुढचं उजवं टोक माझ्याच फाटकाला लागलं. बंपर बदलला. बाकी एक स्क्रूसुद्धा हललेला नाही."

दारांना मी चिकटलो. डिकीला चिकटलो. मग अबू गालिबने मला बॉनेटवर ठेवलं आणि मी सरकन खाली घसरलो. त्याने पुन्हा ठेवलं. मी पुन्हा घसरलो.

मित्रांनो, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुट्टी मला चांगली ठाऊक आहे. पुट्टीखाली पत्रा असतोच आणि तो आतून हळूच ओढतो, बंद दाराआडून कोणी हाक मारावी तसा. या बॉनेटखाली मात्र काहीच नव्हतं. कोणी हाक मारत नव्हतं. हे वेगळं आहे, हे मला कळत होतं, पण सांगणार कसं? मला दोनच शब्द येतात, चिकटणं आणि गळणं.

"सगळं बॉनेट पुट्टीने भरलंय," अबू गालिब म्हणाला. "फाटकाला लागली म्हणे. ही तर ट्रकवर गेलेली गाडी आहे."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या अंगणात उभं राहून मला खोटारडा म्हणता?"

"मी नाही म्हणत. काझी म्हणतोय."

"मग तुमच्या काझीला घेऊन चालू लागा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडून धरलं.

वाटेत मैसून हळूच म्हणाली, "मामा, पण माणूस खरा वाटत होता."

"खरा वाटणारीच माणसं जास्त फसवतात, पोरी."

शुक्रवारी सकाळी आम्ही झैदानच्या गाडीबाजारात गेलो. झैदान म्हणजे गोड बोलण्याची टाकी. समोरच्याला 'हाजी' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. त्याने एक चंदेरी गाडी पुढे केली आणि वर कागद फडकवला. चार चांगली. अबू गालिबने मला बाहेर काढलं, तशी भोवती पंधरावीस माणसं जमली. काझी आला म्हटल्यावर लोक आपापली गाडी सोडून बघायला येत.

आणि मी चिकटलो. बॉनेटला, मडगार्डला, चारही दारांना, छताला, डिकीला, सगळीकडे चिकटलो. फडकं ओढून काढावं लागावं इतका घट्ट. अबू गालिबचा चेहरा फुलला. कालच्या भांडणाने त्याचं मन खट्टू झालं होतं, त्याला उभारी आली. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चाळीस वर्षं पत्रा ठोकलाय मी. अशी स्वच्छ गाडी या बाजारात वर्षातून एकदा येते. डोळे मिटून घ्यावी."

"हाजी, तुमचा शब्द म्हणजे शिक्का," झैदान म्हणाला. "कागद तयार करतो. तोवर चहा घ्या."

चहा आला. मैसून मात्र चहा सोडून मागच्या सीटवर जाऊन बसली. तिघी बायका मावतील का, सीटबेल्टचे पट्टे नीट लागतात का, हे तिला पाहायचं होतं. तिने एकेक पट्टा पूर्ण बाहेर ओढला. पट्ट्याच्या बुडाशी एक छोटी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर तो कुठल्या साली बनला ते छापलेलं असतं. तिने ते वाचलं. मग पुढच्या सीटवर येऊन तिथले पट्टे ओढले. पुन्हा मागे गेली. मग बाहेर येऊन मामाच्या कानाशी वाकली.

"मामा, पुढचे पट्टे एका सालचे आहेत. मागचे तिन्ही त्याच्या तीन वर्षं आधीचे."

"बदलले असतील."

"तिन्ही? आणि नवे टाकायचे सोडून जुने?"

अबू गालिब उठला. पाठ दुखतेय असं दाखवत मागच्या दाराशी वाकला आणि त्याने पायाखालच्या गालिच्याचा कोपरा उचलला. खिशातून मलाही ते दिसलं. या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची जाड शिवण गेली होती, वर काळा रंग फासलेला. एका गाडीचं पुढचं अर्धं आणि दुसरीचं मागचं अर्धं. चार टोकं खरोखरच चांगली होती, दोन हिची आणि दोन तिची. मध्ये काय आहे हे कागदाने विचारलंच नव्हतं. आणि मला विचाराल तर शिवणसुद्धा लोखंडाचीच होती. मी आनंदाने चिकटलो असतो.

आता जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. पंधरावीस माणसं अजून तिथेच होती. अबू गालिबने गालिचा परत दाबून बसवला आणि झैदानला बाजूला घेऊन पुटपुटला, "राहू दे. आमच्या नशिबात नाही." बस्स. स्तुती चारचौघांत आणि माघार कानात. मैसून काहीतरी बोलणार होती, पण त्याने तिचा हात धरला आणि तो भरभर चालत सुटला. त्याचा हात मग खिशात आला आणि मला मुठीत आवळून बसला.

दुपारी नमाजानंतर बहिणीच्या घरी जेवण होतं. मक्लूबा भाताचं भलं मोठं पातेलं परातीत उपडं करून मग बाजूला तसंच उपडं ठेवलं होतं, भात वांग्यांसकट संपला होता, आणि अबू गालिबने दोन घासांपलीकडे काही खाल्लं नव्हतं. बहीण विचारत होती, "गाडीचं काय झालं?" तो चिडला आणि मला खिशातून काढून त्याने टेबलावर आपटलं. मी उडालो, उपड्या पातेल्यावर आदळलो आणि सरकन घसरून खाली पडलो.

तेच, मित्रांनो. अगदी तेच. खालून कोणी हाक न मारणारं ते गप्प काहीतरी. मास्तरांच्या बॉनेटचं.

मैसूनने मला उचललं. पातेल्याला लावलं. मी घसरलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग मामाकडे.

"मामा, या पातेल्यात पुट्टी आहे का?"

"काय वेड्यासारखं बोलतेस? ॲल्युमिनियमचं आहे ते."

"म्हणजे लोहचुंबक त्याला चिकटत नाही."

"नाहीच चिक..." असं म्हणता म्हणता अबू गालिब थांबला. त्याच्या काळात बॉनेटं जाड लोखंडाची असत, दोन माणसांनी उचलावीत अशी. बॅटरीच्या गाड्या हलक्या असाव्यात म्हणून त्यांची बॉनेटं कधी कधी ॲल्युमिनियमची करतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कोणाला विचारलं नव्हतं. त्याने मला स्वतः पातेल्याला लावून पाहिलं आणि मी पुन्हा घसरलो.

"याआधी तीन वेळा असाच घसरलाय हा," तो शेवटी म्हणाला. "तीन माणसांना मी चोर ठरवलं."

त्या तिघांचे चेहरे मला आठवतात. एकजण तर गरीब स्वभावाचा होता, काही न बोलता गाडी परत घेऊन गेला होता. त्या शुक्रवारपासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

शनिवारी सकाळी अबू गालिब नझ्मी मास्तरांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. म्हातारा हट्टी आहे, पण एकदा ठरवलं की आडवळण घेत नाही. "मास्तर," तो म्हणाला, "गाडी खरी होती, बॉनेटच ॲल्युमिनियमचं आहे. तुम्हीही खरे होता. मी मूर्ख होतो."

मास्तरांनी त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या काझीला आधी सहावीच्या विज्ञानाला बसवा."

"बसवतो. बाईच सोबत आणल्या आहेत."

मैसून हसली, मास्तरही हसले. गाडीचं ठरलं. उद्या कागद होतील, सोमवारी मैसून वेळेवर पोचेल. तोवर फिरवून बघा म्हणून मास्तरांनी किल्लीही तिच्या हातात दिली. सगळं नीट झालं होतं. तरी खिशात अबू गालिबची बोटं मला सारखी उलटीपालटी करत होती.

"पोरी," तो अचानक म्हणाला, "गाडी झैदानकडे घे."

झैदानच्या बाजारात चंदेरी गाडीची जागा रिकामी होती.

"हाजी, तासाभरात गेली," झैदान खुशीत म्हणाला. "तुम्ही बोललात आणि गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. मुतैब, मादबाच्या रस्त्यावरचा बेकरीवाला. तपासणी नको म्हणाला. म्हणे, अबू गालिबच्या तोंडून ऐकलंय."

"तिच्या मध्ये शिवण आहे, झैदान."

"असं? मग काल का नाही बोललात? काल तर सगळ्या बाजाराला ओरडून सांगत होतात."

अबू गालिब वळून गाडीत जाऊन बसला. मैसूनने गाडी मादबाकडे वळवली. तिने इतक्या वेगात गाडी चालवलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि म्हातारा एकदाही 'हळू' म्हणाला नाही.

मुतैबच्या दारात ती चंदेरी गाडी धुऊनपुसून उभी होती. आत दोन मुलं आधीच बसली होती, डिकीत पिशव्या भरल्या होत्या. मुतैब अंगाने भक्कम, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. अबू गालिबला ओळखून तो धावतच आला.

"काका, तुम्ही? या, या. तुमच्यामुळे मिळाली ही गाडी. आता निघतोच आहोत करकला, बायकोच्या माहेरी. पण तुम्ही आलात तर कॉफी घेतल्याशिवाय कसं जाऊ देईन?"

करकला जायचं म्हणजे मुजीबची दरी उतरायची.

बैठकीत बसल्याबसल्या अबू गालिब बोलून मोकळा झाला. "गाडी जोडलेली आहे, बाळा. दोन गाड्यांची एक केलेली. मला काल समजलं आणि मी गप्प बसलो."

मुतैबचं हसू हळूहळू उतरलं. "काका, मी तिथेच होतो. तुमचा काझी प्रत्येक पत्र्याला चिकटला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे मिटून घ्या म्हणालात तुम्ही."

"म्हणालो. चुकलो."

"काल खरं म्हणालात आणि आज चुकलात?" मुतैबच्या आवाजाला धार आली. त्याने दारातून बाहेर पाहिलं. मैसून पांढऱ्या गाडीपाशी उभी होती. "की भाचीला गाडी आवडली होती आणि ती हातची गेली, म्हणून हे सगळं?"

मी खिशात तळमळत होतो. म्हातारा खोटा ठरत होता आणि त्याच्याविरुद्ध साक्षीदार मीच होतो. मी चिकटलो होतो ना सगळीकडे. ते मला मागे घेता येत नव्हतं. मी पुन्हा गाडीला लावला गेलो असतो, तर पुन्हा चिकटलोच असतो.

तेवढ्यात मुतैबच्या बायकोने कॉफी आणली. वेलदोड्याची, कडू, एवढ्याशा कपात. मुतैबचं मन दुखावलं होतं, तरी पाहुण्याला कप त्याने स्वतःच्या हाताने दिला. अबू गालिबने तो घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवून दिला.

आमच्याकडे पाहुण्याने कप असा खाली ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं, आणि ते मान्य केल्याशिवाय तो कॉफी पीत नाही. मुलगी मागताना असं करतात, रक्ताचं भांडण मिटवताना करतात. पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, तर घराची मान खाली जाते.

"काय हवंय?" मुतैबने विचारलं.

"तुझ्या गाडीतला गालिचा उचल," अबू गालिब म्हणाला. "मागच्या सीटच्या पुढचा. एवढंच हवंय."

मुतैब रागारागाने उठला, बाहेर गेला आणि त्याने मागचं दार उघडलं. आम्ही मागोमाग गेलो. धाकट्या मुलीचे पाय त्याच गालिच्यावर होते. त्याने ते बाजूला सारले आणि गालिचा एका झटक्यात ओढून काढला.

त्याने शिवणीवरून बोट फिरवलं, मुलीच्या पायांच्या खालून, या दारापासून त्या दारापर्यंत. वळला तेव्हा त्याच्या आवाजात धार उरली नव्हती. बायकोला म्हणाला, "मुलांना खाली उतरव."

अबू गालिब आत गेला. जमिनीवर ठेवलेला कप त्याने उचलला आणि गार झालेली कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हात टाकू नका, अशी विनवणी मी करणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. मला जेवढं कळतं तेवढंच मला विचारा. मी लोखंड ओळखतो. माणूस खरा की खोटा, गाडी एक की दोन, ते मला कळत नाही. आता दर शुक्रवारी अबू गालिब बाजारात जातो. आधी गालिचे उचलतो, पट्टे ओढून बघतो, आणि गाडीत काही वाईट दिसलं तर पंधरावीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. मला तो सगळ्यात शेवटी बाहेर काढतो. ज्या तिघांना आम्ही चोर ठरवलं, त्यांच्यातले दोघे त्याला सापडले. तिसरा, तो गरीब स्वभावाचा, अजून सापडलेला नाही. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, तरी आम्ही त्याला शोधतो आहोत.